विक्री आणि अंदाज ही दोन टेबले डेटा मॉडेलमध्ये नेमकी कशी जोडावीत?

रबाळेकर

नमस्कार मंडळी.

मी नवी मुंबईत रबाळे येथे घरगुती विजेच्या वस्तूंच्या एका घाऊक वितरकाकडे माल-नियोजनाचे काम पाहतो. पंखे, मिक्सर, कूलर, पाणी तापवायचे रॉड असा आमचा माल असून ठाणे शहर, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई आणि पनवेल-उरण अशा चार विभागांतल्या दुकानदारांना तो जातो. पॉवर बीआय या रिपोर्ट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये २०२४-२५ या आर्थिक वर्षाचा 'अंदाज विरुद्ध प्रत्यक्ष विक्री' असा रिपोर्ट मी तयार करत आहे आणि त्यात तीन आठवड्यांपासून अडकलो आहे.

माझ्याकडे दोन टेबले आहेत. विक्रीच्या टेबलात बिलाची प्रत्येक ओळ आहे, म्हणजे तारीख, वस्तूचा कोड, दुकानदाराचा कोड आणि नग. अंदाजाच्या टेबलात महिना, वस्तूंचा गट, विभाग आणि अंदाजे नग एवढेच आहे. सर्व गट आणि विभाग मिळून वर्षाचा अंदाज ९६,४०० नगांचा आहे.

पहिल्या प्रयत्नात मी दोन्ही टेबले गटाच्या नावावर थेट जोडली. दोन्हीकडे नावे पुन्हापुन्हा येत असल्यामुळे वन-टू-मेनी (एका बाजूला प्रत्येक नाव एकदाच असलेले नाते) जमत नव्हते, म्हणून सॉफ्टवेअरने सुचवलेले मेनी-टू-मेनी (दोन्ही बाजूंना नावे अनेकदा येणारे नाते) मी स्वीकारले आणि फिल्टर दोन्ही दिशांनी चालू ठेवला. महिना बिलाच्या तारखेवरून घेतला होता. परिणाम असा झाला की प्रत्येक महिन्यासमोर वर्षाचाच अंदाज, म्हणजे ९६,४००, दिसू लागला. फक्त एप्रिल आणि मे या दोन महिन्यांसमोर मात्र ८८,००० दिसत होते, आणि याचे कारण मला आजही कळलेले नाही.

दुसऱ्या प्रयत्नात महिना, गट आणि विभाग एकत्र करून दोन्ही टेबलांत एक जोड-की तयार केली आणि तिच्यावर मेनी-टू-मेनी केले. आता महिन्यांचे आकडे पटण्यासारखे दिसतात, परंतु बारा महिन्यांच्या ओळींची बेरीज ९३,६५० येते आणि खाली एकूण मात्र ९६,४०० दाखवले जाते. हे २,७५० नग कुठे जातात? शिवाय कळव्यातला एखादा दुकानदार निवडला, तर त्याच्या चाळीस नगांच्या विक्रीसमोर ठाणे शहर विभागाचा पूर्ण अंदाज उभा राहतो.

साहेबांनी एकूण आणि ओळी जुळत नाहीत हे बैठकीत पाहिले आणि तेव्हापासून या रिपोर्टवरचा त्यांचा विश्वास उडाला आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

पारसिक

रबाळेकर, तुम्ही आकड्यांसह प्रश्न मांडलात, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. मी ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये हेच काम बरीच वर्षे करतो आहे आणि हीच चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ८८,००० चे कोडे. तुमच्या पहिल्या रचनेत मे महिना निवडल्यावर फिल्टर आधी विक्रीच्या टेबलावर लागतो. मे महिन्याच्या बिलांत जे जे गट सापडतील, तेवढे गट तिथून अंदाजाच्या टेबलाकडे जातात. महिना मात्र जात नाही, कारण दोन टेबलांमधला दुवा फक्त गटाचा आहे. म्हणून विकल्या गेलेल्या प्रत्येक गटाचा संपूर्ण वर्षाचा अंदाज दिसतो. ज्या गटाचा त्या महिन्यात एकही नग विकला गेला नाही, तो गट अंदाजातूनही गळतो. माझा तर्क असा आहे की एप्रिल आणि मे मध्ये तुमचा पाणी तापवायचा रॉड विकला गेला नसावा आणि त्याचा वर्षाचा अंदाज ८,४०० असावा. तपासून पाहा.

आता २,७५० नगांकडे वळू. जोड-की केल्यामुळे महिना जुळला, परंतु मूळ दोष तसाच राहिला: अंदाजाची ओळ दिसायची की नाही, हे अजूनही विक्रीच ठरवते. ज्या महिन्यात, ज्या विभागात, ज्या गटाची विक्री शून्य आहे, तिथे विक्रीच्या टेबलात ती जोड-कीच अस्तित्वात नसते. त्यामुळे अंदाजाची ती ओळ कोणत्याही महिन्यासमोर येऊ शकत नाही. तळाच्या एकूण आकड्यावर कोणताही फिल्टर नसल्याने तिथे मात्र ती मोजली जाते. वन-टू-मेनी नात्यात न जुळलेल्या ओळींसाठी सॉफ्टवेअर एक रिक्त ओळ आपोआप दाखवते आणि काहीतरी सुटले आहे हे लगेच लक्षात येते. मेनी-टू-मेनी नात्यात ती सोय नाही.

तुमच्या रिपोर्टमधून गळलेल्या या ओळी कोणत्या, याचा विचार करा. अंदाज केला, माल मागवला आणि एकही नग गेला नाही, अशा त्या ओळी आहेत. नियोजन करणाऱ्या माणसाला ज्या ओळी सर्वांत आधी दिसायला हव्यात, नेमक्या त्याच ही रचना लपवते. साहेबांचा विश्वास उडाला हे माझ्या मते योग्यच झाले.

उपाय असा आहे की विक्री आणि अंदाज या दोन फॅक्ट (म्हणजे आकडे साठवणाऱ्या) टेबलांचे एकमेकांशी थेट नाते जोडूच नये. दोघांच्या वर, दोघांना समान असणारी डायमेंशन टेबले (म्हणजे ज्यांवरून निवड करायची त्या याद्या) उभी करावीत आणि फिल्टर नेहमी वरून खाली, एकाच दिशेने वाहू द्यावा. तुमच्या बाबतीत ती टेबले तीन: तारीख, गट आणि विभाग.

तारखेच्या टेबलात दर दिवसाची एक ओळ हवी आणि मध्ये एकही दिवस सुटता कामा नये. १ एप्रिल २०२२ ते ३१ मार्च २०२५ अशी तीन आर्थिक वर्षे घेतलीत तर १,०९६ ओळी होतील, कारण २०२४ चा फेब्रुवारी २९ दिवसांचा होता. त्यात आर्थिक वर्ष, महिन्याचे नाव आणि एप्रिलला १ व मार्चला १२ असा क्रमांक ठेवा. नावाचा कॉलम त्या क्रमांकाने लावून घ्या, अन्यथा महिने वर्णानुक्रमाने येतील. हे टेबल 'तारीख टेबल' म्हणून नोंदवा आणि सॉफ्टवेअर स्वतःहून जी लपलेली तारीख-टेबले तयार करते, तो पर्याय बंद करा. अंदाजाच्या टेबलात महिन्याऐवजी त्या महिन्याची पहिली तारीख लिहा, म्हणजे मे २०२४ साठी १ मे २०२४, आणि तो कॉलम तारखेच्या टेबलाला जोडा.

गटाच्या बाबतीत बहुतेक जण अडखळतात. वस्तूंचे टेबल वस्तूच्या पातळीवर असते, त्यामुळे 'पंखे' हा गट त्यात कितीतरी वेळा येतो आणि अंदाजाचे टेबल त्याला वन-टू-मेनीने जोडता येत नाही. म्हणून गटांचे वेगळे टेबल करा, ज्यात प्रत्येक गट एकदाच असेल. गटाखाली वस्तूंचे टेबल आणि वस्तूंखाली विक्री, ही एक वाट. गटाखाली थेट अंदाज, ही दुसरी वाट. 'पंखे' निवडले की फिल्टर दोन्ही वाटांनी आपापला खाली उतरतो. विभागाचेही तसेच: विभागाखाली दुकानदार आणि दुकानदाराखाली विक्री, तर विभागाखाली थेट अंदाज.

यानंतर एक काम आवर्जून करा. वस्तू, दुकानदार, विक्री आणि अंदाज या चारही टेबलांतले गट, विभाग आणि महिना यांचे कॉलम रिपोर्टमधून लपवा, म्हणजे स्लायसर (रिपोर्टवरची निवडीची चौकट) लावणाऱ्याला वरच्या टेबलातलेच कॉलम घ्यावे लागतील. मॉडेल बरोबर असूनही कोणीतरी विक्रीच्या टेबलातला महिना ओढून आणला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मासुंदा

एक्सेल वापरणाऱ्यांसाठी भर घालतो. एक्सेलच्या पॉवर पिव्होटमध्ये (टेबले जोडायच्या सोयीत) मेनी-टू-मेनी असा पर्यायच नाही. दोन्ही टेबलांत पुनरावृत्ती असली की नाते जोडले जात नाही आणि त्रुटीचा संदेश येतो. त्यावर उपाय म्हणून अनेक जण पॉवर क्वेरीत (डेटा आणून साफ करायच्या सोयीत) जाऊन दोन टेबले मर्ज करून एक लांब टेबल करतात, आणि ते आणखी धोक्याचे आहे. समजा, ऐरोलीच्या पट्ट्यात मिक्सरचा ऑगस्टचा अंदाज १,२०० आहे आणि ऑगस्टमध्ये मिक्सरच्या ३० बिल-ओळी आहेत. मर्ज केल्यावर १,२०० हा आकडा तीसही ओळींसमोर लिहिला जातो आणि बेरीज ३६,००० होते. मग कोणी सरासरी घेते, कोणी कमाल घेते, आणि एका महिन्यापुरते ते जुळल्यासारखे दिसते. पारसिक यांनी सांगितलेली रचना पॉवर पिव्होटमध्येही जशीच्या तशी चालते.

खाडीकाठ

नवीन टेबले न करता मेजरमध्येच (रिपोर्टमधल्या गणिताच्या सूत्रात) ट्रीटॅज हे फंक्शन वापरून वरचा फिल्टर अंदाजाच्या टेबलाकडे नेता येतो. माझ्याकडे दोन वर्षे हेच चालू आहे आणि आकडे बरोबर येतात. मग तीन जादा टेबलांचा खटाटोप कशासाठी?

पारसिक

खाडीकाठ, ट्रीटॅजने आकडे बरोबर येतात हे मान्य आहे आणि एखाददुसऱ्या मेजरपुरते ते सोयीचेही आहे. परंतु ते नाते मग मॉडेलच्या आकृतीत दिसत नाही, ते प्रत्येक मेजरच्या पोटात दडलेले असते. तुम्ही रजेवर असताना दुसऱ्या कोणी नवा मेजर लिहिला आणि ती ओळ विसरली, तर आकडा चुकेल आणि चुकल्याचे कळणारही नाही. शिवाय प्रत्यक्ष नात्यावरून वाहणारा फिल्टर सहसा अधिक वेगाने चालतो. म्हणून कायमस्वरूपी रिपोर्टला टेबले, आणि एखाद्या तात्पुरत्या प्रश्नाला ट्रीटॅज, असे माझे मत आहे.

रबाळेकर

पारसिक, आपला तर्क तंतोतंत बरोबर निघाला. रॉडचा वर्षाचा अंदाज ८,४०० च आहे आणि एप्रिल-मे मध्ये एकही रॉड विकला गेलेला नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे २,७५० नगांचा शोध लागला. गळलेल्या ओळी अकरा आहेत. त्यांतल्या आठ रॉडच्या: चार विभाग, एप्रिल आणि मे, मिळून १,४००. उरलेल्या तीन पनवेल-उरण विभागातल्या कूलरच्या: जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर, दरमहा ४५० प्रमाणे १,३५०. कारणही समजले. या दोन्ही वस्तूंचा वर्षाचा आकडा कोणीतरी सरळ बाराने भागून टाकला होता. भर पावसाळ्यात उरणला दरमहा साडेचारशे कूलर जातील, असे आमच्या अंदाजात लिहिलेले होते आणि रिपोर्टने ते वर्षभर कोणालाच दाखवले नाही.

सांगितल्याप्रमाणे तीन टेबले केली आणि बेरीज जुळली. आता दोन नव्या अडचणी आहेत. रिपोर्टमध्ये एक रिक्त ओळ आली आहे, जिच्यासमोर ६४० नगांचा अंदाज आहे. आणि दिवसवार तक्ता उघडला की १ मे समोर पंखे-गटाचा नवी मुंबईचा पूर्ण ५,००० चा अंदाज दिसतो आणि बाकीचे तीस दिवस कोरे राहतात.

मासुंदा

रिक्त ओळ म्हणजे अंदाजाच्या टेबलात असे एखादे नाव आहे, जे गटाच्या किंवा विभागाच्या टेबलात नाही. बहुधा शब्दांमधली किंवा सुरुवातीची एखादी मोकळी जागा असते. आमच्याकडे एकात 'कोपरखैरणे' आणि दुसऱ्यात 'कोपर खैरणे' होते. मराठीत टंकलेल्या नावांत आणखी एक बारकावा आहे: 'ऱ्या' हे अक्षर दोन वेगवेगळ्या प्रकारे साठवले जाऊ शकते, डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसते, पण संगणकाच्या लेखी ते दोन निराळे शब्द असतात. म्हणून नाते नावांवर न जोडता छोट्या कोडवर जोडावे आणि नाव फक्त दाखवण्यापुरते ठेवावे.

पारसिक

दिवसवार तक्त्याबद्दल माझे मत ठाम आहे. अंदाज ज्या पातळीवर केला गेला, त्याहून खालच्या पातळीवर तो दाखवायचा असेल, तर आधी कोणीतरी जबाबदारी घेऊन त्याची वाटणी केलेली असली पाहिजे. तोपर्यंत मेजरने तिथे आकडा देऊ नये, कोरेच राहावे. दुकानदारनिहाय तक्त्यातही आता प्रत्येक दुकानदारासमोर पूर्ण विभागाचाच अंदाज दिसत असेल, कारण दुकानदाराचा फिल्टर अंदाजापर्यंत पोहोचत नाही आणि तो पोहोचूही नये.

यासाठी तक्ता कोणत्या पातळीवर आहे ते सांगणारे इझ-इन-स्कोप हे फंक्शन वापरता येते, परंतु ते तक्त्याच्या ओळी-स्तंभांपुरतेच काम करते. दुकानदार बाजूच्या स्लायसरमधून निवडला असेल तर ते फसते. मी मोजणी करतो. निवडलेल्या दुकानदारांची संख्या ही निवडलेल्या विभागांतल्या सर्व दुकानदारांच्या संख्येइतकी आहे का, आणि निवडलेले दिवस हे त्या त्या महिन्यांच्या सर्व दिवसांइतके आहेत का, हे मेजरमध्येच तपासायचे. वस्तूंचेही तसेच. तिन्ही उत्तरे होकारार्थी असली तरच अंदाज दाखवायचा.

खाडीकाठ

इथे मी असहमत आहे. गोदामातल्या माणसाला महिना संपेपर्यंत थांबता येत नाही. वीस तारखेला आपण अंदाजाच्या पुढे आहोत की मागे, हे त्याला कळलेच पाहिजे, आणि त्यासाठी महिन्याचा अंदाज दिवसांवर वाटणे भाग आहे.

ही वाटणी मात्र महिन्याच्या दिवसांवर न करता कामाच्या दिवसांवर करावी. रबाळेकरांचाच आकडा घेऊ. मे २०२४ मध्ये ३१ दिवस होते, त्यांत चार रविवार, १ मे ची महाराष्ट्र दिनाची सुट्टी आणि २० मे ची लोकसभा मतदानाची सुट्टी. उरले २५ दिवस, म्हणजे ५,००० नगांचा दिवसाचा वाटा २०० नग. २० मे अखेर कामाचे १५ दिवस झाले होते, म्हणून तोपर्यंतचा अंदाज ३,०००. तोच सरळ ३१ ने भागून काढला तर ३,२२६ येतो, आणि गोदाम २२६ नगांनी मागे आहे असे उगाचच दिसते.

एक बारकावा आम्हाला उशिरा कळला. नवी मुंबई ठाणे मतदारसंघात येते आणि तिथले मतदान २० मे ला होते, पण पनवेल आणि उरण मावळ मतदारसंघात असल्याने तिथले मतदान १३ मे ला होते. म्हणजे कामाचा दिवस हा निव्वळ तारखेचा गुण नाही, तो तारीख आणि विभाग या दोघांचा मिळून आहे. त्यामुळे त्या खुणेसाठी तारीख-विभाग असे वेगळे छोटे टेबल करावे लागते.

पारसिक

खाडीकाठ, हे पटले. मतदानाच्या तारखांचा मुद्दा माझ्याही लक्षात आला नव्हता. माझी एवढीच विनंती राहील की वाटलेला अंदाज वेगळ्या मेजरमध्ये ठेवावा आणि त्याच्या नावातच 'कामाच्या दिवसांवर वाटलेला' असे लिहावे, म्हणजे वाचणाऱ्याला हा आकडा कोणी केलेला अंदाज नसून गणिताने पाडलेला वाटा आहे हे कळेल. दुकानदारांवर मात्र अशी वाटणी करू नये, कारण दुकानदाराची मागणी कॅलेंडरवर ठरत नाही.

रबाळेकर, अजून दोन गोष्टी. तुमचा अंदाज वर्षात सुधारला जात असेल, तर एप्रिलचा मूळ आणि सप्टेंबरचा सुधारित असे दोन्ही एकाच टेबलात साठतील आणि बेरीज दुप्पट होईल. जुना अंदाज पुसू नका, कारण चूक कुठे झाली हे त्यावरूनच समजते. आवृत्तीचा एक कॉलम ठेवा आणि एका वेळी एकच आवृत्ती मोजली जाईल असा मेजर करा.

दुसरी गोष्ट अचूकतेची. समजा, ठाणे शहराचा अंदाज ५०० आणि विक्री ४००, तर पनवेल-उरणचा अंदाज ३०० आणि विक्री ४००. एकूण दोन्हीकडे ८००, चूक शून्य, आणि तरीही एका विभागात शंभर नग पडून राहिले व दुसऱ्यात शंभर गिऱ्हाइके परत गेली. म्हणून फरक आधी महिना-गट-विभाग या पातळीवर काढा, त्याचे चिन्ह काढून टाका आणि मग बेरीज घ्या, म्हणजे इथे २०० येतील. ही मोजणी वरच्या तीन टेबलांच्या जोड्यांवर फिरवा. विक्रीच्या टेबलावर फिरवलीत तर त्या अकरा ओळी पुन्हा हरवतील.

मासुंदा

तारखेच्या टेबलात सणाचाही कॉलम असावा. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते, तर २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला, त्यामुळे दिवाळीची जवळपास सगळी खरेदी ऑक्टोबरात सरकली. मिक्सरसारख्या वस्तूचा ऑक्टोबरचा अंदाज मागच्या ऑक्टोबरवरून केला असेल, तर अंदाज चुकल्याचे कारण रिपोर्टमध्येच दिसायला हवे.

रबाळेकर

सर्वांचे मनापासून आभार. रिक्त ओळीचे कारण सापडले: अंदाजाच्या फाइलमध्ये एका ठिकाणी 'नवीमुंबई' असे जोडून लिहिलेले होते. आता सर्व नाती कोडवर आहेत.

एक शेवटचा प्रश्न. दिव्याचा एक दुकानदार ऑक्टोबरपासून कल्याण-डोंबिवली विभागातून ठाणे शहर विभागात आला. दुकानदारांच्या टेबलात विभाग बदलला, तर त्याची एप्रिल ते सप्टेंबरची विक्रीही ठाण्यात जाते आणि तेव्हाचा अंदाज मात्र कल्याण-डोंबिवलीतच राहतो.

पारसिक

त्या दुकानदाराच्या दोन ओळी करा, एक ३० सप्टेंबरपर्यंतची आणि दुसरी १ ऑक्टोबरपासूनची. प्रत्येक ओळीला स्वतंत्र अनुक्रमांक द्या आणि विक्रीच्या टेबलात बिलाच्या तारखेनुसार योग्य तो अनुक्रमांक पॉवर क्वेरीत भरून घ्या. नाते त्या अनुक्रमांकावर जोडा. दुकानदाराचा मूळ कोड दोन्ही ओळींत तोच राहील, त्यामुळे त्याची वर्षाची एकूण विक्रीही एकत्र पाहता येईल.

रबाळेकर

केले. त्याची सप्टेंबरपर्यंतची विक्री कल्याण-डोंबिवलीत परतली आणि दोन्ही विभागांच्या बेरजा बिलांच्या नोंदवहीशी जुळल्या. नव्या रिपोर्टमध्ये मे महिन्यातली रॉडची ओळ आता स्पष्ट दिसते: अंदाज ७००, विक्री कोरी. येत्या वर्षाच्या अंदाजाची बैठक सोमवारी आहे, आणि रॉड व कूलर यांचे आकडे बाराने न भागता मागच्या तीन वर्षांच्या महिनावार विक्रीवरून मांडायचे, असे साहेबांनी आज सकाळीच कळवले आहे.